४५-३ नंतर पुन्हा तीच गाठ: जेट्सच्या एका चाहत्याने फेरलढत कशी तोलली

पार्श्वभूमी

हे प्रकरण जानेवारी २०११ मधले आहे. एडिसनच्या आसपास, म्हणजे न्यू जर्सीत मराठी माणसांची दाट वस्ती आहे त्या भागात राहणारा एक अभियंता, त्याची बायको आणि दहा वर्षांचा मुलगा. ओळख पटू नये म्हणून घरगुती तपशील थोडे बदलले आहेत. सामने, तारखा आणि गुण मात्र जसेच्या तसे आहेत.

हा गृहस्थ न्यू यॉर्क जेट्सचा चाहता. अमेरिकन फुटबॉलमधला हा संघ नावाने न्यू यॉर्कचा असला तरी खेळतो न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला, त्यामुळे एडिसनच्या पोरांसाठी तो घरचाच. जेट्सने सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) एकदाच जिंकला, तोही जानेवारी १९६९ मध्ये. त्याच गटातल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सने मात्र २००१ ते २००४ या चार हंगामांत तीन विजेतेपदे नेली. प्रशिक्षक बिल बेलिचिक आणि क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) टॉम ब्रेडी ही जोडी समोर असली की जेट्सच्या चाहत्याला आपला संघ कमजोर धरूनच सामना बघायची सवय झालेली होती.

२०१० च्या हंगामात या दोघांची आधीच दोनदा गाठ पडली होती. १९ सप्टेंबरला घरच्या मैदानावर जेट्सने २८-१४ असा विजय मिळवला. मध्यंतराला पेट्रियट्स १४-१० ने पुढे होते, पण दुसऱ्या अर्धात त्यांना एकही गुण मिळाला नाही आणि ब्रेडीचे दोन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात पडले. ६ डिसेंबरला, सोमवारच्या रात्री पेट्रियट्सच्या मैदानावर, मॅसॅच्युसेट्समधल्या फॉक्सबरोमध्ये दुसरी गाठ पडली. दोन्ही संघ ९ विजय, २ पराभव अशा बरोबरीने मैदानात उतरले. पहिल्या क्वार्टरअखेर पेट्रियट्स १७-० ने पुढे, मध्यंतराला २४-३ आणि शेवटी ४५-३. ब्रेडीने २९ पैकी २१ पास पूर्ण करून ३२६ यार्ड आणि चार टचडाऊन (चेंडू गोल रेषेपलीकडे नेणे) काढले. जेट्सचा तरुण क्वार्टरबॅक मार्क सँचेझ याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले, म्हणजे इंटरसेप्शन झाले.

जेट्सने हंगाम ११-५ (११ विजय, ५ पराभव) वर संपवला आणि सहावे मानांकन घेऊन प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, गाठली. शनिवारी, ८ जानेवारीच्या रात्री इंडियानापोलिसमध्ये निक फोकने शेवटच्या क्षणी ३२ यार्डांवरून फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) मारला आणि जेट्सने कोल्ट्सना १७-१६ असे हरवले. त्या रात्रीच पुढचा प्रतिस्पर्धी ठरला. तेव्हाच्या नियमानुसार उरलेल्यांत सर्वांत खालच्या मानांकनाचा संघ पहिल्या मानांकनाकडे जायचा, आणि सहाव्याच्या खाली तेव्हा कोणीच नसायचे. रविवार, १६ जानेवारी, दुपारी साडेचार, पुन्हा फॉक्सबरो. इथे प्लेऑफ एकाच सामन्याची असते, घरच्या-बाहेरच्या दोन फेऱ्या होत नाहीत. हरला तो घरी.

प्रश्न काय होता

वरवर पाहता प्रश्न एकच: ‘जाऊ का?’ प्रत्यक्षात त्यात तीन वेगळे निर्णय गुंतलेले होते. ते एकमेकांत मिसळल्यामुळे सोमवार ते बुधवार त्याला काहीच ठरवता आले नाही.

पहिला निर्णय मुलाला घेऊन फॉक्सबरोला जायचे की नाही, हा. दुसरा पैजेचा. कचेरीतल्या बोस्टनकडच्या एका सहकाऱ्याने सरळ शंभर डॉलरची पैज मांडली होती, ‘तुमचे जिंकले तर मी देतो, आमचे जिंकले तर तू दे.’ तिसरा घरातला. संक्रांतीनंतरचा रविवार म्हणून बायकोने १६ तारखेला दुपारी हळदीकुंकू ठरवले होते. वेळ तीन ते सहा. तिळगुळाच्या वड्या आणि वाणाची तयारी झालेली होती. तिने सोमवारीच स्पष्ट सांगितले, “तुला जायचं तर जा, पण माझं हळदीकुंकू हलवायचं असेल तर बुधवारपर्यंत सांग. सगळ्या जणींना मलाच फोन करायचे आहेत.”

या तिन्हींच्या मुळाशी एकच अंदाज होता: जेट्स जिंकण्याची शक्यता किती? तो अंदाज त्याच्याकडे नव्हता. मूड होता. रविवारी सकाळी ‘आपण जिंकणार’, रात्री ४५-३ चे क्षण पुन्हा बघितल्यावर ‘कत्तल होणार’. शून्य आणि शंभर यांच्यात झोके घेणारा माणूस तिकीटही नीट घेऊ शकत नाही आणि पैजही.

४५-३ ला किती वजन द्यायचे

इथे त्याने एक चांगली गोष्ट केली. कागदावर दोन रकाने पाडले आणि फ्रिजवर चुंबकाने लावले. डावीकडे ‘पुन्हा होईल’, उजवीकडे ‘पुन्हा होईलच असे नाही’. दोन दिवस जाता-येता त्यात भर पडत गेली. मुलानेही दोन ओळी लिहिल्या.

उजव्या रकान्यात पहिली नोंद जिम लिओनार्डची. हा सेफ्टी, म्हणजे बचावाच्या शेवटच्या ओळीतला खेळाडू, ३ डिसेंबरला सरावात पाय मोडून हंगामाबाहेर गेला होता. मागच्या फळीला इशारे देणारा, कोणी कोणाला धरायचे हे सांगणारा तोच. त्याच्याशिवाय पहिला सामना तीन दिवसांनी ब्रेडीसमोर खेळावा लागला. आता मध्ये जवळजवळ सहा आठवडे गेले होते आणि त्याच्याशिवाय मागची फळी आणखी पाच सामने खेळून चुकली होती. ही नोंद भक्कम होती, कारण तिच्यामागे कारण आणि वेळ दोन्ही होते.

दुसरी नोंद सँचेझच्या तीन इंटरसेप्शन्सची. चेंडू गमावण्याचे प्रमाण एका सामन्यातून दुसऱ्यात जसेच्या तसे येत नाही. त्यात नशिबाचा वाटा मोठा. तिसरी नोंद सुरुवातीच्या गडगडण्याची. १७-० मागे पडलेल्या संघाला धावण्याचा खेळ सोडून पासवर यावे लागते, समोरच्याला ते कळते आणि अंतर आणखी वाढते. म्हणून बेचाळीस गुणांचा फरक म्हणजे दोन संघांच्या कुवतीतला बेचाळीस गुणांचा फरक नव्हे.

डावा रकाना मात्र जड होता आणि तो प्रामाणिकपणे भरणे अवघड गेले. पेट्रियट्स १४-२. घरच्या मैदानावर आठपैकी आठ विजय. शेवटचे आठही सामने जिंकलेले आणि त्या प्रत्येकात तीसहून अधिक गुण. हंगामात ५१८ गुण, लीगमध्ये सर्वाधिक. ब्रेडीचे ३६ टचडाऊन आणि फक्त ४ इंटरसेप्शन. ऑक्टोबरच्या मध्यापासून सलग ३३५ पास एकही न गमावता, हा तेव्हा लीगचा विक्रम. वर सप्टेंबरातल्या विजयावरही पाणी पडत होते. तेव्हाच्या पेट्रियट्सचा हल्ला रँडी मॉसभोवती होता आणि मॉस ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच मिनेसोटाला गेला. डिसेंबरातला संघ वेगळा होता: वेस वेल्कर, परत आणलेला डिऑन ब्रँच, ग्रॉन्कोव्स्की आणि हर्नांडेझ हे दोन नवे टाइट एंड (अडवणारे आणि पासही झेलणारे खेळाडू), आणि जेट्सनेच सप्टेंबरात सोडून दिलेला डॅनी वुडहेड. २८-१४ हा आकडा ज्या संघाविरुद्धचा होता, तो संघ आता उरलाच नव्हता.

एक नोंद दोन्हींच्या मधल्या रेषेवर लिहिलेली होती आणि ती कागदावरची सर्वांत उपयोगी नोंद होती. पेट्रियट्स हंगामात दोनदाच हरले. एकदा जेट्सकडून, एकदा ७ नोव्हेंबरला क्लीव्हलंडकडून, ३४-१४. जेट्सचा प्रशिक्षक रेक्स रायन आणि क्लीव्हलंडच्या बचावाचा प्रशिक्षक रॉब रायन हे जुळे भाऊ. त्याआधीच्या जानेवारीत पेट्रियट्सना त्यांच्याच मैदानावर ३३-१४ असे प्लेऑफबाहेर काढले ते बाल्टिमोरने, आणि रेक्स २००८ पर्यंत त्याच बाल्टिमोरचा बचाव घडवत होता. तीन सामन्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण या संघाला अडवण्याची काही तऱ्हा आहे आणि ती कोणाला तरी ठाऊक आहे, एवढे म्हणायला जागा होती.

आठवणीतले दाखले आणि त्यांचा धोका

मंगळवारी त्याला धीर आला तो जायंट्समुळे. जेट्सच्याच स्टेडियममध्ये खेळणारे न्यू यॉर्क जायंट्स २००७ च्या हंगामात डॅलसकडून दोनदा हरले होते, ४५-३५ आणि ३१-२०. तिसऱ्या वेळी, १३ जानेवारी २००८ ला प्लेऑफमध्ये, त्यांनी डॅलसला २१-१७ ने हरवले. नियमित हंगामाच्या शेवटच्या सामन्यात पेट्रियट्सकडून ३८-३५ असा पराभव पत्करलेल्या याच जायंट्सनी पाच आठवड्यांनी सुपर बोलमध्ये त्याच अपराजित पेट्रियट्सना १७-१४ ने पाडले. शेजाऱ्यांनी करून दाखवले, मग आपल्याला का जमू नये?

हा युक्तिवाद घातक असतो, कारण फेरलढतीचे आठवणारे सामने नेमके उलटलेलेच असतात. जिथे बलवान संघाने पुन्हा हरवले, ते कोणी सांगत बसत नाही. दाखले फार लांब नव्हते. आदल्याच वर्षी, जानेवारी २०१० मध्ये, डॅलसने फिलाडेल्फियाला हंगामाच्या शेवटच्या सामन्यात २४-० आणि लगेच पुढच्या आठवड्यात प्लेऑफमध्ये ३४-१४ ने हरवले. खुद्द जेट्सनी सिनसिनाटीला ३७-० ने धुतले आणि सहा दिवसांनी त्यांच्याच मैदानावर पुन्हा २४-१४ ने हरवले. सिनसिनाटीच्या चाहत्यानेही तेव्हा असाच कागद केला असेल. आपल्या बाजूचा एक दाखला सुचला की उलट बाजूचा एक शोधून त्याच्या शेजारी लिहायचा, एवढी शिस्त इथे पुरते.

अंदाज आकड्यात

बाजाराने पेट्रियट्सना नऊच्या आसपास गुणांनी पुढे धरले होते. याला पॉइंट स्प्रेड म्हणतात: पैज लावणाऱ्यांच्या दोन्ही बाजू साधारण सारख्या व्हाव्यात म्हणून कमजोर संघाला दिलेली आगाऊ सूट. प्रत्यक्ष निकाल या आकड्याच्या दोन्ही बाजूंना खूप पसरतात, साधारण तेरा-चौदा गुणांच्या प्रमाण विचलनाने. त्या हिशेबाने नऊ गुणांनी पुढे धरलेला संघ चारपैकी तीन सामने जिंकतो आणि एक हरतो.

म्हणजे जेट्सची शक्यता पंचवीस टक्क्यांच्या आसपास. आठवडाभर शून्य आणि शंभरमध्ये हिंदकळणाऱ्या माणसाला हा आकडा मिळाला आणि बाकीचे निर्णय सुटायला लागले. कागदावरच्या नोंदींनी हा आकडा फार हलवायचा नाही, हेही इथे महत्त्वाचे. लिओनार्डची दुखापत, रायनची तऱ्हा, मॉसचे जाणे हे सगळे बाजारालाही माहीत असते. चाहत्याने आपल्या टिपणांच्या जोरावर पंचवीसचे तीस केले तर ठीक, पन्नास केले तर ती इच्छा झाली.

पर्याय आणि निर्णय

पैजेचा निकाल आधी लागला, कारण तो सर्वांत सोपा होता. बरोबरीच्या शंभर डॉलरच्या पैजेत चारदा खेळलात तर एकदा शंभर मिळणार, तीनदा शंभर जाणार. प्रत्येक पैजेमागे पन्नास डॉलरचा तोटा. सहकाऱ्याने ती खिलाडूपणे मांडली होती, पण ती सम नव्हती. चाहत्याला दोन रास्त मागण्या करता आल्या असत्या: जेट्स जिंकल्यास तीनशे आणि हरल्यास शंभर, किंवा नऊ गुणांची सूट. त्याने दुसरी मागितली आणि शंभर डॉलरऐवजी एका जेवणावर आणली. त्या काळी न्यू जर्सीत एका सामन्यावर कायदेशीर पैज लावायची सोयच नव्हती. ती २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आली. मित्रांमधल्या पैजेला त्यामुळे बाजारभावाचा धाक नसे आणि निष्ठेपोटी लोक सर्रास वाईट भावात पैज घेत.

फॉक्सबरोचा निर्णय जास्त गुंतागुंतीचा. जाण्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट होती: सोमवार, १७ जानेवारी हा मार्टिन ल्यूथर किंग दिन, म्हणजे शाळेला सुट्टी. विरुद्ध बाजूला रस्ता. एडिसनहून फॉक्सबरो सव्वादोनशे मैलांच्या घरात, मोकळ्या रस्त्याने चार तास. १२ तारखेच्या हिमवादळाने कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्स झाकले होते. रविवारपर्यंत महामार्ग मोकळे झाले असते, पण पार्किंगच्या कडेचे ढीग आणि रात्रीचा गोठलेला ओलावा शिल्लक असतो. जिलेट स्टेडियम रूट वन या एका रस्त्यावर आहे आणि सामना सुटल्यावर सगळी गर्दी त्याच रस्त्यावर उतरते; पार्किंगमधून बाहेर पडायला तास-दीड तास धरावाच लागतो. पावणेआठला सामना संपला, सव्वानऊला रस्त्याला लागलो, तर घरी पोचायला मध्यरात्र उलटून दीड. राहायचे तर हॉटेलचा खर्च वेगळा. पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावर तिकीट छापील किमतीच्या दुपटीहून वर. तिकिटे, पेट्रोल, टोल आणि खाणे मिळून त्याने ७०० डॉलरची मर्यादा घातली होती आणि दोन बऱ्या जागा घेतल्या की ती तिथेच संपत होती.

त्याने एक पर्याय बराच वेळ धरून ठेवला होता: ‘हा सामना सोडू, जिंकलेच तर पुढचा घरच्या मैदानावर बघू.’ हा पर्याय मुळात अस्तित्वातच नव्हता. तेव्हा सहाव्या मानांकनाच्या संघाला घरचा प्लेऑफ सामना मिळतच नसे. जिंकले असते तर पिट्सबर्ग किंवा बाल्टिमोर, त्या शनिवारी त्या दोघांत जो जिंकेल तो. मानांकनाचा तक्ता पाच मिनिटे पाहिला असता तर हे रविवारीच कळले असते. ते कळले बुधवारी.

शेवटी बायकोच्या एका प्रश्नाने गाडी पुढे सरकली. “पुन्हा ४५-३ झालं तर रात्री चार तास गाडी चालवताना तुला आल्याचं वाईट वाटेल की नाही?” वाटणार होते. मुलालाही. चारपैकी तीन वेळा हरलेला सामना बघून, अनोळखी गर्दीतून हिरवी जर्सी झाकत बाहेर पडायचे होते. सहल हरूनही आवडली असती तरच ती घेण्यासारखी होती. बुधवारी रात्री ठरले: जायचे नाही, घरी बघायचे.

हळदीकुंकू हलवताना कॅलेंडर पाहिल्यावर एक गंमत दिसली. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येते आणि त्या वर्षी रथसप्तमी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होती. मधले रविवार चार: १६ जानेवारी हा सामना, २३ ला जिंकल्यास पुढची फेरी, ६ फेब्रुवारीला सुपर बोल. उरला एकटा ३०. बायकोने तोही नाकारला आणि शनिवार, १५ तारीख धरली, कारण वड्या झालेल्या होत्या. सर्वांना आदल्या तीन दिवसांत कळवले गेले आणि दोघी-तिघी सोडून सगळ्या आल्या.

सामना

पेट्रियट्सच्या पहिल्याच चढाईत डेव्हिड हॅरिसने ब्रेडीचा पास पकडला आणि ५८ यार्ड पळवला. ३३५ चा विक्रम प्लेऑफमध्ये पुढे सरकला नाही. फोकने मात्र ३० यार्डांचा फील्ड गोल हुकवला आणि त्या घरातल्या बेसमेंटमध्ये जमलेल्या दहा-बारा जणांत शांतता पसरली. काही लोकांनी तिथेच सामना सोडून दिला असावा. पेट्रियट्सने फील्ड गोल करून ३-० घेतले.

त्यानंतर जे घडले त्यात रायनच्या योजनेचा वाटा दिसतो. त्याचा बचाव धाड घालण्यासाठी प्रसिद्ध, म्हणजे पाच-सहा जणांना क्वार्टरबॅकवर सोडणारा. त्या संध्याकाळी त्याने बहुतेक वेळा कमी माणसे पुढे पाठवली आणि मागे जास्तीचे बचावपटू उभे केले. ब्रेडीला पास टाकायला मोकळा माणूसच सापडेना, तो चेंडू धरून थांबू लागला आणि पाच वेळा पाडला गेला. पहिल्या अर्धाच्या शेवटी पेट्रियट्सने स्वतःच्या ३८ यार्डवरून पंट करण्याचा (चेंडू लाथेने दूर मारून देण्याचा) बहाणा केला. पॅट्रिक चंगच्या हातून चेंडू निसटला आणि चार खेळींत जेट्सने टचडाऊन केला. मध्यंतर १४-३.

पेट्रियट्स १४-११ पर्यंत आले. मग चौथ्या क्वार्टरमध्ये जेट्सच्या कोचरीने ५८ यार्डांचा पास नेला आणि होम्सने कोपऱ्यात टचडाऊन धरला, २१-११. इथे सामना ठरला, कारण पुढच्या चढाईत पेट्रियट्सने पावणेआठ मिनिटे खर्च केली आणि हाती काही आले नाही. दोन चढायांनी मागे असलेला संघ जेव्हा घड्याळ असे वाया घालवतो, तेव्हा कमजोर संघाच्या चाहत्याने श्वास सोडायला हरकत नसते. शेवट २८-२१. सँचेझचे तीन टचडाऊन, एकही इंटरसेप्शन नाही. उजव्या रकान्यातल्या दोन्ही मोठ्या नोंदी, मागची फळी आणि सँचेझचे चेंडू गमावणे, खऱ्या ठरल्या होत्या.

पुढचा आठवडा, आणि खरा चुकलेला निर्णय

‘गेलो असतो तर’ ही हळहळ रविवारी रात्रीच सुरू झाली. मुलगा रडला. खरे तर फॉक्सबरोला न जाण्याचा निर्णय जिंकल्यावरही तितकाच योग्य होता जितका बुधवारी होता, आणि बरोबरीची पैज नाकारणेही. चारातला एक वेळचा निकाल समोर आला म्हणून भाव बदलत नाही. पण हळहळीला हे पटत नाही, आणि सोमवारी सकाळी त्याने पिट्सबर्गची दोन तिकिटे घेतली. नवा कागद केला नाही. मर्यादा ठरवली नाही. एकूण खर्च आधीच्या ७०० च्या जवळजवळ दुप्पट झाला.

पिट्सबर्ग एडिसनहून साडेतीनशे मैलांच्या आसपास, सहा तास. सामना संध्याकाळी साडेसहाला, दुसऱ्या दिवशी सुट्टी नाही. जेट्सने १९ डिसेंबरला याच मैदानावर पिट्सबर्गच्या स्टीलर्सना २२-१७ असे हरवले होते आणि घरात सगळ्यांच्या तोंडी तोच आकडा होता. गेल्या आठवड्यात ४५-३ ला जास्त वजन द्यायचे नाही हे ज्याने कष्टाने शिकले, त्याने २२-१७ ला पूर्ण वजन दिले. कागद केला असता तर उजव्या रकान्यात लगेच तीन नोंदी आल्या असत्या. डिसेंबरात स्टीलर्सचा ट्रॉय पोलामालू दुखापतीमुळे खेळला नव्हता. टाइट एंड हीथ मिलरही नव्हता. आणि सामन्याच्या पहिल्याच किकवर ब्रॅड स्मिथने ९७ यार्ड पळत टचडाऊन केला होता, जो मागवून मिळत नाही. आता दोघे परत आले होते. प्लेऑफच्या आठवड्यात संघ दुखापतींची अधिकृत यादी जाहीर करतात. शुक्रवारच्या यादीवर नजर टाकली असती तरी पुरे होते.

२३ जानेवारीला जेट्स मध्यंतराला २४-३ ने मागे होते. दुसऱ्या अर्धात झुंजले, गोल रेषेच्या दोन यार्डांवर येऊन चार प्रयत्नांत अडकले आणि २४-१९ ने हरले. बापलेक कडाक्याच्या थंडीत शेवटपर्यंत बसले आणि सोमवारी पहाटे घरी पोचले. मुलाची शाळा बुडाली, बापाची रजा गेली. मुलाला तरीही तो सामना आवडला, ही गोष्ट नोंदवायला हवी. पण तिकीट घेताना तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट वेळेची. प्रतिस्पर्धी, मैदान आणि तारीख शनिवारी रात्री पक्की होती, म्हणून दोन्ही व्यावहारिक प्रश्न, तिकिटाची मर्यादा आणि हळदीकुंकवाची तारीख, रविवारी मिटवता आले असते. जिंकण्याचा अंदाज नंतर हलला तरी या दोन्हींवर त्याचा फारसा परिणाम होणार नव्हता.

दुसरी, अंदाज आधी आकड्यात लिहायचा आणि कारणे नंतर गोळा करायची. त्याने उलट केले. कारणे आधी जमली की माणूस ती मोजायच्या ऐवजी तोलत बसतो आणि शेवटची वाचलेली नोंद सर्वांत जड वाटते.

तिसरी, कागद प्रत्येक सामन्याला नवा हवा, विजयानंतर तर नक्कीच. हरलेल्या सामन्याचे शवविच्छेदन चाहते मन लावून करतात; जिंकलेल्या सामन्याचे कोणी करत नाही. जेट्सच्या १९ डिसेंबरच्या विजयात पुन्हा न होण्यासारखे जेवढे होते, तेवढे फॉक्सबरोच्या पराभवातही नव्हते.

चौथी मुलाबद्दल. त्याला मोठा सामना प्रत्यक्ष दाखवायचा हाच मूळ हेतू असेल, तर त्यासाठी जानेवारीतला परक्या मैदानावरचा बाद सामना हा सर्वांत महाग आणि सर्वांत थंड पर्याय आहे. सप्टेंबरातला घरचा सामना तिकिटात स्वस्त पडतो, उबेत बघता येतो, एडिसनहून तासाभरात गाठता येतो आणि हरलो तरी रात्री साडेनऊला मूल अंथरुणात असते. पुढच्या हंगामाचे वेळापत्रक आल्यावर या घराने तेच केले. दोन तिकिटे घेतली, आणि फ्रिजवर नवा कागद लागला तो मुलाच्या अक्षरात.